माग काढणारा कुत्रा नेमके काय शिकतो?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०८ व्या सूक्तात सरमा आणि पणी ह्यांचा संवाद आला आहे. पणींनी लपविलेल्या गाईंच्या शोधात सरमा रसा नदीच्या पलीकडे जाऊन पोहोचते, आणि ही इतक्या दूरवर आली कशी, नदी उतरली कशी, असा प्रश्न पणी तिलाच विचारतात. सरमा ही कुत्री होती असे ऋग्वेदात स्पष्ट म्हटलेले नाही. तिला ‘देवशुनी’ म्हटले ते यास्काने, आणि पुढील परंपरेने तेच मान्य केले. पणींचा प्रश्न मात्र अद्याप पुरता सुटलेला नाही. हजारो वर्षे माणूस कुत्र्याच्या मागून चालत आला. परंतु कुत्रा कशाच्या मागून चालतो, ह्याची प्रायोगिक चौकशी सुरू होऊन अजून दीडशे वर्षेही झालेली नाहीत.

कुत्र्याला माग काढावयास शिकविले, असे आपण सहज म्हणून जातो. ह्या विधानात एक गफलत दडलेली आहे. हुंगणे कुत्र्याला कोणी शिकवीत नाही. डोळे उघडण्यापूर्वीच पिलू वासाने आईला शोधीत असते. मग शिक्षणाने त्यात भर पडते ती कशाची? प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, शिक्षक जे शिकवितो तो वास नव्हे, तर अनेक वासांतून एकाची निवड. आणि ही निवड शिकवीत असता तो नकळत आणखी एक गोष्ट शिकवून बसतो, ती म्हणजे स्वतः शिक्षकाकडे लक्ष ठेवणे. कुत्रा ह्यांपैकी कोणती गोष्ट शिकला, हे त्याच्या चालण्यावरून बाहेरून ओळखता येत नाही. जेथे कुत्र्याच्या वर्तनावरून एखाद्या माणसाच्या स्वातंत्र्याचा निर्णय व्हावयाचा असतो, तेथे हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय राहत नाही.

प्रथम मागाचे स्वरूप पाहू. माणूस गवतातून चालत गेला म्हणजे त्याच्यामागे एकच वास राहत नाही. चिरडलेल्या पात्यांचा, तुटलेल्या मुळांचा, उलथलेल्या मातीचा एक वास असतो. पहिल्या पावसाच्या मृद्गंधाचा आपणा सर्वांना परिचय आहे (बेअर व थॉमस ह्या संशोधकांनी १९६४ साली त्याला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले). जमिनीतील सूक्ष्मजंतूंनी निर्माण केलेली द्रव्ये त्याच्या मुळाशी असतात, आणि टाचेखाली ओलसर ढेकूळ फुटले तरी त्यांचा अल्प अंश मोकळा होतोच. दुसरा वास पादत्राणाचा : चामडे, रबर, पॉलिश, आणि काल ज्या ज्या ठिकाणी हे पादत्राण पडले त्या त्या ठिकाणांचा. तिसरा वास देहाचा. त्वचेवरून पेशी अखंड झडत असतात. घाम आणि त्वचेवरील जंतू ह्यांच्या संयोगाने त्यांना जो वास येतो तो व्यक्तिपरत्वे भिन्न असतो. अंगालगतची हवा देहाच्या उष्णतेने वर चढते, हे कण आपल्याबरोबर नेते, आणि वारा असेल त्या बाजूस ते जमिनीवर पडतात. म्हणजे देहगंधाची रेषा आणि पावलांची रेषा ह्या दोन एकच नव्हेत. वाऱ्याच्या दिवशी त्यांत कित्येक मीटरांचे अंतर पडू शकते.

ह्यावरून कुत्र्यांच्या कामाचे तीन प्रकार पडतात. नाक जमिनीला लावून पावलामागून पाऊल हुंगीत जाणारा कुत्रा पदमाग काढतो. ब्लडहाउंड जातीचा कुत्रा एखाद्या वस्तूवरून विशिष्ट व्यक्तीचा वास घेतो आणि तोच वास धरून, प्रसंगी पावलांच्या रेषेपासून बऱ्याच अंतराने, धावत सुटतो. तिसरा कुत्रा मान वर करून वाऱ्यावर येणारा कोणाही माणसाचा वास पकडतो. ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांच्या शोधासाठी त्याचा उपयोग होतो. आपल्या भाषेत ह्या तिन्ही क्रियांना ‘माग काढणे’ हा एकच शब्द आहे, आणि त्यामुळे एका प्रकारच्या कुत्र्याने सिद्ध केलेले सामर्थ्य दुसऱ्या प्रकारच्या कुत्र्यावर लादले जाते. (दख्खनची ख्याती पावलेली कारवान कुत्री तर मुळात नजरेने शिकार करणारी आहेत, त्यांची गती आणि मागावरच्या कुत्र्याची सबुरी ह्या निराळ्या गोष्टी होत.)

ह्या विषयातील पहिला व्यवस्थित प्रयोग जॉर्ज रोमेनीझ ह्यांनी केला आणि १८८७ साली तो प्रसिद्ध केला. प्रयोग इतका साधा आणि इतका नेटका आहे की, कोणत्याही पदव्युत्तर वर्गात तो प्रायोगिक रचनेचा नमुना म्हणून शिकवावा. रोमेनीझ ह्यांच्याजवळ एक सेटर जातीची कुत्री होती. ती त्यांच्या मागावर धाव घेई, आणि ते नसतील तर शिकारीच्या रखवालदाराच्या मागावर जाई. त्यांनी १२ माणसांची एकामागोमाग एक अशी रांग केली. पुढे स्वतः रोमेनीझ, सर्वांत शेवटी रखवालदार. प्रत्येकाने आपल्या पुढच्याच्या ठशावरच पाऊल टाकावयाचे. २०० यार्ड गेल्यावर रोमेनीझ पाच माणसांसह उजवीकडे वळले. सातवा माणूस उरलेल्यांना घेऊन डावीकडे वळला. दोन्ही तुकड्या दूर जाऊन लपल्या, आणि मग कुत्रीला मोकळे सोडण्यात आले. सामाईक मागावर धन्याच्या ठशावर ११ माणसांचे ठसे उमटले होते, आणि अगदी वरचा ठसा तिच्या दुसऱ्या आवडत्या माणसाचा होता. ती वेगाने धावत आली, फाट्यावरून थोडी पुढे गेली, परत फिरली, आणि उजवीकडे वळली.

एवढ्यावर थांबले असते तर रोमेनीझ ह्यांनी कुत्र्याला व्यक्तिगंध कळतो असे सिद्ध केले, असेच आपण म्हटले असते. परंतु त्यांनी पुढे बुटांची अदलाबदल केली. परक्या माणसाने रोमेनीझ ह्यांचे बूट घातले तेव्हा कुत्री त्या परक्याच्या मागावर उत्साहाने गेली. रोमेनीझ स्वतः परक्याचे बूट घालून गेले तेव्हा तिने त्या मागाकडे दुर्लक्ष केले. बुटाच्या तळव्यांना त्यांनी जाड कागद चिकटविला तेव्हा माग तिला लागेना. चालताना टाचेजवळ कागद झिजून तळव्याचा लहानसा भाग उघडा पडला त्या ठिकाणापासून पुढे मात्र तिने तो बरोबर उचलला. म्हणजे ती अनुसरीत होती ते ‘धनी’ ह्या व्यक्तीला नव्हे, तर धन्याच्या वापराने मुरलेल्या बुटाला. पहिला प्रयोग आणि दुसरा प्रयोग ह्यांत विरोध नाही. पहिल्याने जो प्रश्न मिटल्यासारखा वाटला, तो दुसऱ्याने पुन्हा उघडला, इतकेच.

जर्मनीत कॉनराड मोस्ट ह्यांनी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. मोस्ट हे पोलीस-श्वानांचे नामांकित शिक्षक. १९१० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ पुढील अनेक दशके शिक्षकांच्या हाती होता. आपल्याच विद्येची अशी कठोर तपासणी करणारा व्यवसायी विरळाच. त्यांनी माणसाला दोरीमार्गावर टांगून, पाय जमिनीला न लावता, मैदानावरून नेले; आणि उलट, परिघावर बूट बसविलेले एक चाक माणसाच्या स्पर्शाशिवाय जमिनीवरून फिरविले. जमिनीवरून अधांतरी नेलेल्या माणसाच्या मागे कुत्री गेली नाहीत. बुटांच्या चाकामागे गेली. तात्पर्य, त्या काळच्या पद्धतीने शिकविलेली कुत्री बव्हंशी दुखावलेल्या जमिनीचाच वास घेत होती.

मग कुत्र्याला व्यक्तिगंध ओळखताच येत नाही काय? येतो, आणि तो फार सूक्ष्मपणे येतो. लंडन विद्यापीठातील हान्स काल्मुस ह्यांनी १९५५ साली एकरूप जुळ्यांवर प्रयोग प्रसिद्ध केले. जुळ्यांपैकी एकाचा वास देऊन त्याच्या जागी दुसऱ्याची वस्तू ठेवली तर कुत्रा ती स्वीकारी. परंतु दोघांचे वास एकाच वेळी समोर असता त्याला त्यांतील भेद करता येई. पुढे २०११ साली चेक संशोधकांनी, कसून शिकविलेले जर्मन शेफर्ड कुत्रे एकाच घरात वाढणाऱ्या, एकच अन्न खाणाऱ्या एकरूप जुळ्यांनाही वेगळे ओळखतात, असे दाखविले. अर्थात् सामर्थ्य आहे. प्रश्न आहे तो, दिलेल्या प्रसंगी कुत्रा ते वापरतो की नाही, हा.

नाकाच्या रचनेविषयी थोडे सांगितले पाहिजे. कुत्र्याचे नाक आपल्याहून अमुक लाख पटींनी तीक्ष्ण असते, अशा प्रकारची वाक्ये लोकप्रिय पुस्तकांत नेहमी आढळतात. ती निरर्थक होत, कारण हे गुणोत्तर पदार्थापदार्थागणिक बदलते. गंधग्राहकांच्या कार्यक्षम जनुकांची संख्या कुत्र्यात सुमारे ८०० आणि माणसात सुमारे ४०० आहे. म्हणजे फरक दुपटीचा. अधिक महत्त्वाची आहे ती हवेची वाट. आत घेतलेल्या हवेचा साधारण आठवा हिस्सा कुत्र्याच्या नाकात निराळ्या मार्गाने मागील गंधकोष्ठात जातो व तेथे काही काळ रेंगाळतो; बाहेर टाकलेली हवा नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून मागे व बाजूस फेकली जाते, त्यामुळे समोरचा वास उधळला न जाता उलट नाकाकडे ओढला जातो. माणसालाही हे अगदीच असाध्य नाही. बर्कली येथील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३२ जणांचे डोळे व कान झाकून, त्यांना गवतावर टाकलेल्या चॉकलेटच्या गंधरेषेवर हातपाय टेकून रांगावयास सांगितले. सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी ती रेषा धरली, आणि काही दिवसांच्या सरावाने त्यांचा वेग वाढला. तो वाढण्याचे एक कारण असे की, त्यांचे हुंगणे अधिक जलद झाले. सरावाने नवे नाक मिळत नाही; नाक वापरण्याची रीत मिळते.

हीच रीत मागावरच्या कुत्र्यात नॉर्वेच्या थेसेन, स्टीन व डोविंग ह्यांनी १९९३ साली मोजली. त्यांनी चार जर्मन शेफर्ड कुत्र्यांना गवतावरच्या २० मिनिटे जुन्या आणि काँक्रीटवरच्या तीन मिनिटे जुन्या मागावर आडव्या दिशेने आणले. माणूस कोणत्या दिशेने गेला, हे कुत्र्याने ठरवावयाचे. वर्तनात तीन अवस्था स्वच्छ दिसल्या : शोध, निर्णय आणि अनुसरण. निर्णयाच्या अवस्थेत कुत्र्याची चाल मंदावे. तीन ते पाच सेकंदांत तो दोन ते पाच ठसे हुंगून दिशा नक्की करी. हुंगण्याचा वेग सेकंदाला सुमारे सहा. पुढे २००५ साली हेपर व वेल्स ह्यांनी सलग पाच ठसे मिळाल्यास दिशा ठरते, तीन पुरत नाहीत, असे दाखविले. एक तास जुन्या मागावरच्या पहिल्या आणि पाचव्या ठशांच्या वयात फरक तो कितीसा? एखाददुसऱ्या सेकंदाचा. ३,६०० सेकंदांच्या शिळेपणात हा अंतराय कुत्रा ओळखतो, ह्या गोष्टीपुढे प्रस्तुत लेखकाला तरी लक्षपटींच्या गप्पा फिक्या वाटतात.

आता शिक्षणाकडे वळू. प्रचलित पद्धतीचा आरंभ एका लहानशा तुडविलेल्या जागेपासून होतो. पहाटे दव असता, आखूड गवताच्या मैदानावर शिक्षक सुमारे मीटरभर लांबी-रुंदीची जागा पायांनी तुडवितो, तीत मांसाचे बारीक तुकडे टाकतो, आणि तेथून सरळ रेषेत वीस-तीस पावले टाकीत जातो. प्रत्येक ठशात एक तुकडा. वारा पाठीमागून असावा लागतो, नाही तर कुत्रा मान वर करून पुढचे मांस वाऱ्यावरच हुंगतो आणि जमीन सोडून देतो. कुत्र्याला छातीपट्टा बांधून सुमारे १० मीटर लांबीच्या दोरीवर सोडतात. पहिले काही दिवस दोरी आखूड धरून शिक्षक जवळजवळ त्याच्या खांद्याशीच चालतो. ठशात अन्न, ठशांमधल्या जागेत काही नाही, एवढाच पहिला धडा. हळूहळू तुकडे एक ठसा सोडून, मग पाच ठसे सोडून, मग अनियमितपणे टाकावयाचे. मागाची लांबी आणि वय वाढवीत न्यावयाचे. मग काटकोनातील वळणे. मग वाटेत चामड्याच्या, लाकडाच्या, कापडाच्या वस्तू, ज्या सापडताच कुत्र्याने खाली बसावयाचे.

अभिसंधानाच्या परिभाषेत हे सर्व सरळ आहे. ठशाचा वास हा उद्दीपक, नाक खाली ठेवून पुढे जाणे ही अनुक्रिया, अन्न हे प्रबलन. अखंड प्रबलनाकडून खंडित प्रबलनाकडे जाण्याचे कारणही तेच : प्रत्येक ठशात अन्न मिळालेला कुत्रा अन्नाशिवायचे दहा ठसे लागताच काम सोडतो, परंतु केव्हा मिळेल ह्याचा नेम नसलेला कुत्रा रिकाम्या मागावरही टिकतो. प्रत्यक्ष गुन्ह्याच्या मागावर मांसाचे तुकडे कोणी पेरून ठेवीत नाही.

परंतु येथेच ती अडचण उभी राहते, जिच्याकडे शिक्षकांचे सहसा लक्ष जात नाही. पाव्हलॉव्ह ह्यांनी १९२७ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे की, दोन उद्दीपक एकत्र सादर केले असता प्रबळ उद्दीपक शिकला जातो आणि दुर्बळ उद्दीपक एकटा सादर केल्यास निष्प्रभ ठरतो. ह्याला आपण ‘आच्छादन’ म्हणू. ताज्या हिरवळीवरच्या मागात चिरडलेल्या गवताचा वास प्रबळ, देहगंध दुर्बळ; आणि दोन्ही नेहमी जोडीनेच येतात. कुत्र्याला त्यांचा भेद करण्याचे कारणच पडत नाही. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या परीक्षांची रचना ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पहिल्या पायरीच्या परीक्षेत माग खुद्द कुत्र्याच्या धन्यानेच टाकलेला असतो : ३०० पावले, दोन वळणे, २० मिनिटे जुना. तिसऱ्या पायरीला तो परक्याने टाकलेला, ६०० पावले, चार वळणे, एक तास जुना असतो. आधी धन्याचा माग, नंतर परक्याचा, आणि दोन्हींना तेच पारितोषिक; ह्यातून कुत्र्याने काय शिकावे? ‘माग टाकणारा कोणीही असो, तुडविलेली रेषा सोडू नये’, हेच. क्रीडा म्हणून ते निर्दोष आहे, आणि त्यातील शिस्त पाहण्याजोगी असते. पण अमुक माणूस येथून गेला, ह्या विधानाला त्यातून आधार मिळत नाही.

व्यक्तिगंध शिकवावयाचा तर परिस्थिती अशी निर्माण केली पाहिजे की, अन्य वासांच्या आधारे कुत्र्याला यश मिळूच नये. रोमेनीझ ह्यांची फुटणारी रांग ही त्यासाठी आजही सर्वोत्कृष्ट युक्ती होय. दोन माणसे जोडीने चालावीत, मध्येच अलग व्हावीत. कुत्र्याला आरंभी ज्याच्या रुमालाचा वास दिला तोच फाटा बरोबर, दुसरा चूक. दोन्ही फाट्यांवर गवत सारखेच चिरडलेले, ठसे एकाच वयाचे. बदलतो तो केवळ माणूस. आज ज्याचा फाटा बरोबर, उद्या त्याचा चूक व्हावयास हवा. दुसरा उपाय गवतच काढून टाकण्याचा. अमेरिकन केनेल क्लबने १९९५ साली मिश्र पृष्ठांवरील मागाची जी परीक्षा सुरू केली, तीत मागाचा काही भाग डांबर, काँक्रीट अशा उघड्या पृष्ठांवरून जातो. तेथे चिरडण्यासारखे काही नसल्याने कुत्र्याला उरलेल्या वासांकडे वळावेच लागते. हे शिक्षण कष्टाचे आहे, महिनेन् महिने घेते, आणि प्रात्यक्षिकात त्याची शोभा दिसत नाही. म्हणून ते टाळले जाते.

आता दुसऱ्या, नकळत दिल्या जाणाऱ्या धड्याविषयी. वळणाचा प्रसंग घ्या. सरळ रेषेवरून चालणारा कुत्रा वळणावर थोडा पुढे जातो, माग सुटल्याचे त्याच्या ध्यानी येते, तो फेर धरतो आणि नवी रेषा शोधून काढतो. ह्या काही सेकंदांत त्याला खरी माहिती मिळवावी लागते. परंतु माग शिक्षकाने स्वतः टाकलेला असला, किंवा वळणापाशी निशाण रोवलेले असले, म्हणजे शिक्षकाला वळण आधीच ठाऊक असते. तो दोन पावले आधी मंदावतो. दोरी किंचित् ढिली पडते. कुत्रा चुकीकडे वळला तर दोरीला नकळत ताण बसतो, बरोबर वळला तर ती हातातून सहज सरकते. खांदे नव्या दिशेला वळतात. ह्यांतील एकही क्रिया तो जाणूनबुजून करीत नाही, आणि नेमके म्हणूनच तो ती नाकारील. कुत्र्याच्या दृष्टीने मात्र दोरीचा ताण हा तासाभराच्या शिळ्या देहगंधाहून कितीतरी स्पष्ट उद्दीपक होय. आच्छादनाचा नियम येथेही लागू आहे. फरक इतकाच की, आच्छादणारा उद्दीपक जमिनीवर नसून दोरीच्या दुसऱ्या टोकाला असतो.

बर्लिनचा ‘बुद्धिमान हान्स’ हा घोडा मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित आहे. प्रश्नकर्त्याच्या मस्तकाची सूक्ष्म हालचाल पाहून तो टाप थांबवी, असे ऑस्कार फुंग्स्ट ह्यांनी १९०७ साली दाखवून दिले. त्याला शतक लोटले, तरी कुत्र्यांच्या बाबतीत तो धडा पुरता गिरविला गेलेला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील लिट व तिच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग ह्या संदर्भात निर्णायक वाटतो. अमली पदार्थ वा स्फोटके शोधणाऱ्या १८ कुत्र्यांना त्यांच्या हस्तकांसह (पोलीस खात्यात कुत्रा सांभाळणाऱ्यास ‘श्वान-हस्तक’ म्हणतात) चार खोल्या तपासण्यास सांगण्यात आले. कोठेही शोधावयाचा वास ठेवलेला नव्हता. हस्तकांना मात्र तो असू शकेल असे सांगितले होते, आणि काही ठिकाणी लाल कागदाची खूण ही वासाची जागा म्हणून दाखविली होती. एकूण १४४ तपासण्यांपैकी केवळ २१ तपासण्यांत ‘काही नाही’ असा बरोबर निष्कर्ष निघाला. खुणेच्या जागी इशारे अधिक नोंदले गेले. हे प्रयोग मागाचे नव्हेत हे खरे. आणि इशारा झाल्याचे हस्तकच सांगत असल्याने, कुत्र्याने हस्तकाचे मन ओळखले की हस्तकाने कुत्र्याच्या साध्या थबकण्याला इशारा मानले, हेही त्यांतून ठरत नाही. परंतु दोन्ही पर्यायांत कुत्र्याचे नाक निर्दोष राहते, आणि चूक माणसाच्या अपेक्षेकडे जाते.

म्हणून माग अज्ञात असला पाहिजे. हस्तकाला मार्ग ठाऊक नसावा, एवढेच पुरेसे नाही. मागे चालणारा परीक्षक, बाजूला उभे असलेले सहकारी, ह्यांपैकी कोणालाही तो ठाऊक नसावा. माग टाकणाऱ्याने आपला आराखडा बंद पाकिटात द्यावा आणि दिसेनासे व्हावे. सार्वजनिक मैदानांवरील श्वान-प्रात्यक्षिके वाचकांनी पाहिलीच असतील. रुमाल कोणाचा हे हस्तकाला ठाऊक, प्रेक्षकांना ठाऊक. कुत्रा त्या माणसाजवळ येताच सगळे मैदान श्वास रोखून स्तब्ध होते. ही स्तब्धता कुत्र्याला ऐकू येत नसेल काय?

ह्या प्रश्नाचे गांभीर्य न्यायालयांनी विद्यापीठांच्या आधी ओळखले, असे खेदाने म्हणावे लागते. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका अपिलात १९६९ सालीच, कुत्र्याच्या मागाचा पुरावा ग्राह्य धरला तरी त्याला फारसे वजन देता येणार नाही, असे मत व्यक्त झाले. कुत्र्याला शपथ घालता येत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही, आणि हस्तक सांगतो ती ऐकीव हकीकत ठरते, हे आक्षेप तेथे विचारात घेतले गेले. २००१ साली आंध्र प्रदेशातील एका खटल्यात त्याच न्यायालयाने अधिक मूलगामी कारण दिले : चूक कुत्र्याची होऊ शकते, त्याच्या धन्याची होऊ शकते, कुत्र्याच्या वर्तनावरून काढलेले अनुमान चुकू शकते, आणि कोणत्या शक्तीने कुत्रा माग काढतो ह्याचे शास्त्रीय ज्ञान अजून तोकडे आहे. आसामातील खटल्यात २००८ साली हेच सूत्र कायम झाले. कुत्र्याची मदत तपासासाठी घ्यावी, गुन्हा शाबीत करण्यासाठी नव्हे. जेथे न्यायालयांनी अधिक विश्वास टाकला तेथे काय झाले, ते नेदरलँड्समध्ये दिसले. तेथे पोलादी नळ्यांच्या रांगेतून आरोपीचा वास ओळखण्याची पद्धत होती, आणि आरोपीची नळी कोणती हे हस्तकाला ठाऊक असू नये असा दंडक होता. १९९७ ते २००६ ह्या काळात काही हस्तकांना ती जागा आधीच ठाऊक असे, आणि ठाऊक नव्हती असे ते लिहून देत, हे २००६ साली उघडकीस आले. शेकडो निकालांवर प्रश्नचिन्ह उभे राहिले. कुत्र्यांचा त्यात काडीमात्र दोष नव्हता.

तपास आणि पुरावा ह्यांतील न्यायालयाचा भेद प्रयोगशास्त्राच्या दृष्टीनेही योग्य आहे. कुत्रा मागावरून जाऊन झुडपात पडलेल्या कोयत्यापाशी बसला, तर त्याच्या विधानाची परीक्षा तत्काळ होते. कोयता आहे किंवा नाही. हरवलेले मूल सापडते किंवा सापडत नाही. परंतु कुत्रा एखाद्या घराच्या दारात थांबला किंवा रांगेतील माणसावर भुंकला, तर ते विधान पडताळण्यास कुत्र्याखेरीज दुसरे साधन उरत नाही. मागावर टाकलेल्या वस्तूंपाशी बसण्याचे शिक्षण, जे वरवर पाहता क्रीडेतील एक उपचार वाटते, ते ह्या दृष्टीने सर्वांत मोलाचे.

आपल्या प्रदेशात ह्या शिक्षणाला आणखी एक प्रतिकूलता आहे. वर उल्लेखिलेले बहुतेक प्रयोग थंड, ओलसर हवेतील आहेत. चैत्र-वैशाखातील दुपारी उघडा मुरूम आणि डांबर इतके तापते की वासाचे बाष्प झपाट्याने उडून जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे कुत्रा धापा टाकू लागतो. धापा टाकणारा कुत्रा तोंडाने श्वास घेतो. हुंगणे आणि धापणे ही एकाच वेळी होत नाहीत. श्रमाने धापू लागलेल्या कुत्र्यांची शोधक्षमता घटते, हे इस्राएलमधील गाझित व टेर्केल ह्यांनी २००३ साली दाखविले आहे. त्यात गुन्ह्याच्या जागी पोलिसांपूर्वीच पोहोचणारी शेपन्नास माणसांची गर्दी मिळविली, म्हणजे रोमेनीझ ह्यांची १२ जणांची रांग अगदीच सौम्य वाटू लागते.

तथापि ह्या प्रश्नावर आपल्याकडे काम करण्यास मोठी साधने लागत नाहीत. एखादे शिकविलेले कुत्रे, त्याचा राजी असलेला हस्तक, माग टाकणारी दोन माणसे, महाविद्यालयाचे मैदान, आणि फाटा डावीकडे की उजवीकडे हे ठरविण्यास एक नाणे, एवढ्यावर फुटणाऱ्या रांगेचा प्रयोग करता येतो. पहाटे व तिसऱ्या प्रहरी, हिरवळीवर व मुरुमावर, दिवसाला दोन माग टाकले तरी एका सत्रात चांगली शंभर निरीक्षणे जमतील. नोंद ठेवणाऱ्याने फाट्यापासून दूर, शक्यतो पाठ फिरवून बसावे, आणि कुत्र्याची चाल पाहण्याचे काम कॅमेऱ्याकडे सोपवावे. नाणे उडविणाऱ्याने मात्र प्रयोग संपेपर्यंत मैदानावर येऊ नये, आणि फाट्यावर खडूची खूण करण्याचा मोह टाळावा.